श्रद्धेचे मोल कोणी द्यायचे?

एखादा माणूस ख्रिस्ती झाला, की त्याला त्यातून काय मिळाले, हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. शाळा मिळाली, नोकरी मिळाली, मिशनचा आधार मिळाला, अशी उत्तरेही तयार असतात. त्याने काय दिले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक ख्रिस्ताने आपल्या मागे येऊ पाहणाऱ्यांना लाभाचे आमिष कधीच दाखविलेले नाही. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टान्त आहे. पाया घालून काम अर्धवट राहिले तर लोक हसतील, तेव्हा आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा त्याचा आशय. हा हिशेब मराठी मातीत कोणी व कसा चुकता केला, हे पाहण्यासारखे आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात गेली, आप्त दुरावले. परंतु या निर्णयाची सर्वांत मोठी झळ ज्या व्यक्तीला लागली, तिचा त्या निर्णयात काडीचाही वाटा नव्हता. लक्ष्मीबाई तेव्हा हिंदूच होत्या. नवरा हयात असून त्याच्यापासून ताटातूट, पदरी लहान मूल, आणि नातलगांच्या आश्रयाने काढलेले दिवस! 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, कारण ही बाई स्वतःलाच हसू शकते. पण त्या हसण्याच्या तळाशी केवढा आकांत आहे! पुढे त्या टिळकांकडे राहावयास आल्या, त्याही आपला सोवळ्याचा स्वयंपाक सांभाळून. त्यांच्या मनातला जातिभेद आधी गळून पडला आणि बाप्तिस्मा नंतर, १९०० साली झाला.

येथे मला स्पष्ट बोलावेसे वाटते. टिळकांच्या श्रद्धेविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु श्रद्धा एकाची आणि तिचा भुर्दंड दुसऱ्याला, हे मनाला पटत नाही. यावर कोणी म्हणेल, 'मग घरच्यांची संमती मिळेपर्यंत माणसाने आपला आत्मा गहाण ठेवायचा काय?' नाही. निर्णयाचा अधिकार टिळकांचा होताच. पण पत्नीवर त्यांनी धर्माची सक्ती केली नाही. पाच वर्षे ते थांबले. माझ्या मते बाप्तिस्म्याच्या धाडसापेक्षा हे थांबणे अधिक ख्रिस्ती होते. पुढे १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' उभारण्यास निघाले. बाप्तिस्म्याला बावीस वर्षे झाली होती, तरी त्यांचे देणे चालूच होते.

पंडिता रमाबाईंना तर दोन्ही बाजूंना दंड भरावा लागला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि महाराष्ट्रात टीकेचे मोहोळ उठले. १८८९ साली त्यांनी मुंबईत काढलेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. १८९३ साली त्यावरून वादळ झाले, पालकांनी मुली काढून नेल्या आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही दूर झाले. इकडे ख्रिस्ती वडीलधाऱ्यांनाही ही बाई पुरेशी आज्ञाधारक वाटेना! ब्राह्मण पुरोहितांचे जोखड उतरवून पाद्र्यांचे जोखड मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. केडगावी मुक्ती सदनात त्यांनी दुष्काळातल्या अनाथ मुलींना पोटाशी धरले. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी ते काम थांबले नाही. १९२२ साली रमाबाईंनी डोळे मिटले, तेव्हा ते हातावेगळे झाले होते.

ही झाली थोरामोठ्यांची उदाहरणे. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत जे महार-मांग बांधव ख्रिस्ती झाले, त्यांची नावे कोणत्या चरित्रात येणार? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत धर्माशी बांधली गेली. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना ती खुली झाली. ख्रिस्ती झालेला दलित आजही तिच्या बाहेर आहे. गावाने त्याची जात विसरली नाही, सरकारदप्तराने मात्र ती पुसली. 'पोटासाठी बाटला' म्हणून त्याला हिणविणाऱ्यांनी हा हिशेब एकदा अवश्य तपासावा.

आणि आम्ही? मी ख्रिस्ती घरात जन्मले. माझा बाप्तिस्मा मी पाळण्यात असताना झाला. त्यासाठी मला काहीच सोडावे लागले नाही. नाताळचा नवा पोशाख, रविवारची उपासना, गायनवृंदात जागा, हे सारे मला वारशाने मिळाले. वारशाने मिळालेल्या वस्तूचे मोल कळत नाही, हेच खरे. माझ्या थोरल्या बहिणीसाठी स्थळे आली, ती सगळी ख्रिस्ती घराण्यांतलीच. पण चहाचे कप खाली ठेवण्याआधी बहुतेकांनी विचारले, 'तुम्ही मूळचे कोण?' ज्या भिंतीतून बाहेर पडण्यासाठी लक्ष्मीबाईंनी स्वतःशी वर्षानुवर्षे झुंज दिली, ती भिंत आम्ही मंडळीच्या आवारात पुन्हा बांधून ठेवली आहे, आणि तिच्या सावलीत स्तोत्रे गात आहोत!

म्हणून माझ्या ख्रिस्ती मित्रमैत्रिणींना माझे सांगणे आहे, की छळ सोसणे किंवा घरदार सोडणे आपल्या वाट्याला बहुधा येणार नाही; पण आपल्या वाट्याचे देणे ठरलेले आहे. स्थळ पाहताना मूळ जात विचारायची नाही. हुंडा घ्यायचा नाही, द्यायचा नाही. परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचे नाही. उपासनेला न येणाऱ्या शेजाऱ्याच्याही आजारपणात धावून जायचे. यांत नुकसान आहे: चांगले चालून आलेले स्थळ हातचे जाईल, मामा-मावशा रुसतील, चार मार्क कमी पडतील. ते नुकसान आपले आपण सोसावे. त्याची वसुली आईबापांकडून, बहिणीकडून वा उद्या येणाऱ्या जोडीदाराकडून करू नये. एवढे आमच्या पिढीने केले, तर टिळकांचे आणि रमाबाईंचे नाव घेण्याचा अधिकार आम्हांला राहील.