शिडी मुलग्यांची, नापास बायका!

मैत्रिणींनो, ‘बायका स्वभावतःच भावनाप्रधान, न्यायनिवाडा त्यांना जमत नाही’ असे कुणी शास्त्राच्या नावाने सांगू लागले की एकच विचारा: हे ठरवले कोणाला पाहून?

लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ साली शिकागो विद्यापीठातल्या प्रबंधात नैतिक विकासाच्या पायऱ्या मांडल्या. मुलाखती घेतल्या १०, १३ आणि १६ वर्षांच्या ७२ जणांच्या. सगळे मुलगे! पुढे सुमारे वीस वर्षे पाठपुरावा केला, तोही मुलग्यांचाच. त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षे भेटत राहणे ही विकास अभ्यासण्याची चांगली पद्धत. पण जिच्यात मुलगी नव्हतीच, ती शिडी ‘माणसाची’ कशी? त्याच शिडीवर मग बायका तिसऱ्या पायरीवर, नाती सांभाळण्याच्या पायरीवर, अडकलेल्या ठरल्या. कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली हा पक्षपात चव्हाट्यावर आणला.

नुसत्या मुली मोजून मात्र भागत नाही. औषधाच्या चाचणीत औषध कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येते. बाई कोणी व्हायचे हे तसे ठरवता येत नाही. गट आयते मिळतात, म्हणून अशा तुलनेला प्रयोगसदृश संशोधन म्हणतात. बाईच्या गटाबरोबर सुटलेली शाळा आणि बिनपगारी कामही येते. लॉरेन्स वॉकर यांनी १९८४ साली कोलबर्ग पद्धतीचे अभ्यास तपासले. बहुतेकांत स्त्री-पुरुष फरक नव्हताच. प्रौढांमध्ये जिथे दिसला, तिथे शिक्षण आणि नोकरीतही तफावत होती. मग दोष बाईपणाच्या माथी का?

हा निष्कर्ष गिलिगन यांच्या ‘बायकांचा स्वर वेगळा’ या मांडणीलाही अडचणीचा आहे. तो आपण लपवू नये. ‘बाई मुळातच मायाळू’ हे कौतुकसुद्धा बेडीच आहे.

आणि हाच नियम आपल्यालाही लागू. सल्ला केंद्रात आलेल्या सावरल्या, न आलेल्या नाही, एवढ्यावर श्रेय घेऊ नका. केंद्रापर्यंत पोचणारीला आधीच कुणाचा तरी आधार असू शकतो. एकेकीची नोंद ठेवा: आली तेव्हा झोप किती, भीती किती, महिन्यामहिन्याने काय बदलले. तिची तुलना तिच्याशीच करा. मात्र मदतीचा परिणाम तपासायचा म्हणून मदत मध्येच थांबवायची, हे आपल्याकडे कदापि चालणार नाही.

शास्त्राला घाबरू नका, त्याला उलट प्रश्न विचारा. त्याच्या पद्धती शिकून घ्या, म्हणजे आपल्याला मोजणाऱ्यांचे माप आपल्यालाही तपासता येईल!