समासाचे काय?

ई-इंकच्या पडद्यावरचे वाचन हे खरे वाचन की नव्हे, हा वाद आता शिळा झाला. सोनीचे ‘लिब्रिए’ २००४ मध्ये आणि ॲमेझॉनचे ‘किंडल’ २००७ मध्ये आले; कादंबरीपुरता तो प्रश्न तेव्हाच सुटला. आमच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. कोश, चिकित्सक आवृत्त्या, प्रबंध हे ज्यांना हाती लेखणी घेऊन वाचायचे आहे, त्यांनी कोणते यंत्र निवडावे?

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती डोळ्यांपुढे आणावी. वर स्वीकृत संहिता, खाली बारीक टाइपात पाठभेद. इथे पानाची मांडणी हा अर्थाचाच भाग आहे. सहा इंची पडद्यासाठी यंत्राने मजकूर नव्याने जुळवला, की पाठभेद आपल्या श्लोकापासून तुटतो. अख्खे पान आक्रसून दाखवले, तर अनुस्वार कोणता आणि कागदावरचा डाग कोणता हे कळत नाही. म्हणून पहिली कसोटी आकाराची. १०.३ इंची पडदा साधारण ए-५ कागदाएवढा. डेमी आकाराच्या पुस्तकाला तो पुरतो. ए-४ आकाराच्या प्रबंधाला मात्र १३.३ इंचीच हवा, मग तो महाग आणि अवजड असला तरी.

दुसरी कसोटी आपल्या ग्रंथांच्या अवस्थेची. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती किंवा तत्कालीन नियतकालिके स्कॅन केलेल्या रूपात मिळतात, तेव्हा ती बहुधा पिवळ्या पानांची छायाचित्रे असतात. ई-इंकवर तो पिवळेपणा राखाडी होऊन अक्षरांवर चढतो. पार्श्वभूमी उजळून अक्षर गडद करण्याची सोय नसलेले यंत्र आमच्या कामाचे नाही. रंगीत पडद्याचा मोह आवरावा: रंगाची गाळणी बसवलेल्या प्रचलित पडद्यांवर पार्श्वभूमी आणखी काळवंडते.

तिसरी कसोटी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते: टिपणे कोणाची? २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादापायी ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर केलेली टिपणे त्यामुळे निरुपयोगी झाली, कारण ती ज्या पानांना लागू होती ती पानेच गेली. वाचकाने समासात लिहिलेले मूळ मजकुरापासून वेगळे काढता येत नाही, हे आपल्याला भाष्ये आणि टीका यांच्या परंपरेने केव्हाच शिकवले आहे.

तेव्हा विकत घेण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. आपलीच एक पीडीएफ उघडावी, एका शब्दाखाली रेघ ओढावी, समासात दोन ओळी लिहाव्यात, ती फाइल संगणकावर न्यावी आणि दुसऱ्याच कंपनीच्या प्रणालीत उघडावी. रेघ त्याच शब्दाखाली दिसली, तर यंत्र घ्यावे. न दिसल्यास, लेखणी कितीही सुरेख चालो, ते तिथेच ठेवून यावे. यंत्र चार-सहा वर्षांत जुने होईल. टिपणे मात्र पुढच्या अभ्यासकाला लागणार आहेत.