दार आहे, पण कडी बाहेरून

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथे रोज कामाला जाणाऱ्या अनेकांच्या गावीही नसतं. तिथल्या एखाद्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली निन्टेंडो स्विच असतो. वायफाय आहे, टचस्क्रीन आहे, 4 जीबी रॅम आहे. पण त्यावर बालभारतीचं पुस्तक उघडून दाखवा बरं! नाही उघडणार.

ब्राउझर नाही म्हणून नव्हे. तो आत आहे. हॉटेलच्या वायफायचं लॉगिन पान आलं की गुपचूप उघडतो, काम झालं की गायब. पत्ता टाइप करायची पट्टी तेवढी तुम्हाला दिलेली नाही. मी याला लबाडी म्हणतो.

कारण हे आधी जमलेलं आहे. सोनीच्या पीएसपीला 2005 मध्ये फर्मवेअर 2.00 बरोबर ब्राउझर मिळाला, तोही फुकट. रॅम किती? 32 एमबी! 2006 मध्ये निन्टेंडो डीएससाठी ऑपेराचा ब्राउझर आधी जपानात आला. यंत्राची स्वतःची 4 एमबी मेमरी पुरेना, म्हणून जादा मेमरीचं वेगळं कार्ट्रिज खोचावं लागे. दोन्ही रडतखडत चालायचे. पीएसपीवर बटणं दाबून पत्ता लिहिताना जीव जायचा आणि जड पान आलं की मेमरी संपल्याची पाटी यायची. पण कुठे जायचं ते तुम्ही ठरवत होता.

आता मराठीचं बघा. पीएसपीत देवनागरी नव्हतीच. त्याच काळात साध्या नोकियावर मात आपण मराठी वाचत होतो. ऑपेरा मिनीत ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करायचं, खाली जायचं, अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याच्या पर्यायाला ‘येस’ करायचं. मग ऑपेराचा सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा आणि जोडाक्षरं नीट दिसायची. हे कुणी शिकवलं नव्हतं, एकाने दुसऱ्याला सांगितलं. पट्टी हातात होती म्हणूनच हा जुगाड शक्य झाला. (स्विचच्या मेनूत आजही एकही भारतीय भाषा नाही, ते वेगळंच दुखणं.)

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. 2016 मध्ये प्लेस्टेशन व्हीटाचं कुलूप ‘हेनकाकू’ने ब्राउझरमधूनच फोडलं, नुसतं एक पान उघडायचं होतं. थ्रीडीएसवरही असे प्रकार झाले. पण चोर खिडकीतून आला म्हणून कुणी खिडकीच्या जागी भिंत बांधत नाही. फोनच्या ब्राउझरलाही भोकं पडतात, ती अपडेटने बुजवतात. आणि मुलांच्या काळजीचं कारण तर नकोच. थ्रीडीएसवर पालकांना ब्राउझर बंद ठेवता येत होता. शिवाय त्याच स्विचवर कंपनीचं दुकान मात्र झोकात उघडतं, बाबांचं कार्ड जोडलेलं असेल तर विचारूच नका.

‘फोन आहे की हातात,’ असं तुम्ही म्हणाल. आहे, तुमच्या हातात. 2020 मध्ये शाळा मोबाइलवर आली तेव्हा कितीतरी घरांत फोन एकच होता आणि तो कामाला जाणाऱ्या माणसाबरोबर बाहेर जायचा. अशा वेळी घरातला दुसरा पडदा, मग तो मामाने दिलेला जुना का असेना, उपयोगी पडतो की नाही हे विकणाऱ्याने का ठरवायचं?

2022 च्या स्टीम डेकवर डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन फायरफॉक्स टाकता येतो, कुणाची परवानगी लागत नाही. तोही हातात मावणारा गेम कन्सोलच आहे. वाल्व्ह कंपनी काही बुडाली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कन्सोल घेताना रॅम आणि ग्राफिक्सच्या आधी दुकानदाराला विचारा, यात पत्ता कुठे टाइप करायचा? तो हसेल. हसू दे. आणि हा लेख कुठल्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये वाचत असाल, तर वर पत्त्याची पट्टी दिसतेय का, तेही एकदा बघून घ्या.