आधी सापडला पाहिजे

१७ ऑगस्ट २०२२ रोजी बनासकांठ्यातल्या रांटीला गावात आभाळातून आलेला दगड कडुलिंबाच्या फांदीवर आदळून फुटला. रावेल गावात दुसरा तुकडा एका घराच्या ओसरीत पडला आणि फरशीचा टवका उडाला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत तपासल्यावर तो ऑब्राइट या दुर्मीळ जातीचा अशनी निघाला. कच्छच्या बन्नी भागातलं लुणाचं विवर तर जवळजवळ दोन किलोमीटर रुंद; तेही सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या अशनिपाताचं, असा काही शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. आपल्याला लोणार पाठ असतं, पण गुजरातेत राहून लुणा ठाऊक नसतं.

असा मोठा दगड पुन्हा आला तर? उत्तर आता केवळ कागदावरचं नाही. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या ‘डार्ट’ यानाने सुमारे १६० मीटरच्या डिमॉर्फस या लघुग्रहाला सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने धडक दिली आणि मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीच्या त्याच्या प्रदक्षिणेचा काळ अर्ध्या तासाहून अधिक घटला. त्या लघुग्रहाचा आपल्याला धोका नव्हता. ती तालीम होती, आणि ती फत्ते झाली.

सिनेमांमुळे आपल्या डोक्यात बॉम्ब लावून लघुग्रह उडवण्याचं चित्र बसलं आहे. खरं काम त्याला किंचित हलवण्याचं आहे. वेगात सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरचा फरक पाडला, तर साध्या गुणाकाराने दहा वर्षांत तीन हजार किलोमीटरचं अंतर पडतं. कक्षेच्या गणिताने ते आणखी वाढू शकतं. तोच धक्का शेवटच्या महिन्यात दिला, तर हाती लागतात जेमतेम २६ किलोमीटर. म्हणून माझ्या मते धडकेच्या यानाइतकीच, किंबहुना जास्त, गरज शोधणाऱ्या डोळ्यांची आहे.

‘२०२४ वायआर ४’ हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ ला सापडला, तोही पृथ्वीजवळून निघून गेल्यावर दोन दिवसांनी! फेब्रुवारी २०२५ मध्ये, तो २०३२ साली आदळण्याची शक्यता तीन टक्क्यांवर गेली. संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाही होता. पुढच्या निरीक्षणांनी तो धोका निकालात काढला. पृथ्वीजवळ फिरणारे १४० मीटरहून मोठे लघुग्रह अंदाजे पंचवीस हजार आहेत आणि त्यांतले निम्मेही अजून सापडलेले नाहीत.

या शोधात शाळकरी मुलांनाही जागा आहे. २०२० मध्ये सुरतेच्या दहावीतल्या दोन मुलींनी पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या छायाचित्रांतून एक नवा लघुग्रह टिपला. अशा आंतरराष्ट्रीय शोधमोहिमेत भाग घ्यायला शुल्क पडत नाही. संगणक, इंटरनेट आणि चिकाटी पुरते. वडोदऱ्यात कमाटी बागेत तारांगण आहे, महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे, विज्ञान शिकवणारे तळमळीचे शिक्षक आहेत. मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझी विनंती आहे: येत्या शैक्षणिक वर्षात आपल्या शाळेचा एक तरी गट या मोहिमेत उतरवा.