आधी नाव, मग काम

मैत्रिणींनो, संक्रांतीला आपण सगळ्यांना तिळगूळ देऊन 'गोड बोला' म्हणून सांगतो. ऑफिसात साहेबांच्या टेबलापर्यंत डबा घेऊन जातो. पण तिथंच सकाळी केर काढणाऱ्या बाईंच्या हातावर तो तिळगूळ किती जणी ठेवतात? आणि ठेवला, तरी दुसऱ्या दिवशी त्यांना हाक कशी मारतात? आज बोलायचंय ते याच विषयावर. नोकरीच्या जागी एकमेकांशी वागावं कसं?

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? सभ्यता सगळ्यांनाच येते. येते खरी, पण ती बहुधा वरच्यांसाठी राखून ठेवलेली असते. आपल्या मराठीत तर ते लपतही नाही. इंग्रजीतल्या एका 'यू'मध्ये साहेब आणि शिपाई दोघंही मावतात. आपल्याकडे 'तू', 'तुम्ही', 'आपण' अशा तीन पायऱ्या. नुकती नोकरीला लागलेली बावीस वर्षांची मुलगी तिशीतल्या साहेबांना 'आपण चहा घेणार का?' असं विचारते आणि पन्नाशीच्या शिपायांना 'ए मामा, पाणी आण' म्हणते. घरी आपण वयाचा मान पाळतो ना? मग ऑफिसच्या दारात तो चपलांसारखा काढून ठेवायचा की काय?

हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही बरं का! मी अर्धा दिवस शाळेत शिकवते. एका शाळेत घडलेली गोष्ट सांगते. तिसरीतली एक मुलगी आठवडाभर डबा तसाच परत नेत होती. वर्गात मुलं पन्नासच्या घरात. मधल्या सुट्टीत बाईंपुढं वह्यांचा गठ्ठा. त्यांच्या लक्षात आलं नाही. डबे खायच्या जागेची साफसफाई करणाऱ्या मावशींच्या मात्र दुसऱ्याच दिवशी आलं. पण त्या वर्गशिक्षिकेकडे गेल्या नाहीत. कारण पूर्वी एकदा काही सांगायला गेल्या, तेव्हा 'तुम्हाला कुणी विचारलंय का?' असं सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागलं होतं. शेवटी त्या बोलल्या चित्रकलेच्या बाईंजवळ. शिक्षकांत या एकट्याच त्यांना नावानं 'अमुक ताई' म्हणायच्या आणि जाता-येता दोन शब्द बोलायच्या. चौकशी केली तर मुलीची दाढ किडलेली. डॉक्टरांच्या भीतीनं तिनं घरी सांगितलंच नव्हतं. पुढे सगळं नीट झालं. पण बघा हं, अपमान मावशींचा झाला आणि आठवडाभर उपाशी राहिली ती पोर!

ही गोष्ट शाळेपुरती नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी काढली. पहिली चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, हा त्यातला एक मुद्दा. सर्जननं सांगायचं, नर्सनंही सांगायचं. ज्याचं तोंड एकदा उघडलं, तो पुढं काही चुकताना दिसलं तर बोलायला कचरत नाही, हा त्यामागचा विचार. जिथं जिवाशी गाठ असते तिथं जर आधी नाव येतं, तर आपल्या ऑफिसात, दुकानात, बँकेत ते का येऊ नये?

आता करायचं काय, ते सांगते. खर्च काहीच नाही.

'मावशी', 'मामा' ही हाक प्रेमाची आहे, ती जरूर मारा. पण मस्टरवर त्यांचंही नाव असतं. ते माहीत करून घ्या आणि वापरा.

काम सांगताना 'प्लीज' आठवलं नाही तरी चालेल. 'कृपया' तर पाटीवरच शोभतं. आपल्याकडे विनंती असते ती 'जरा', 'तेवढं', 'द्याल का?' यांत. 'फाइल आणा' आणि 'तेवढी फाइल द्याल का?' यांत लागतो तो एकच श्वास जास्त. आभारांचंही तसंच. 'धन्यवाद' भाषणात ठीक. 'बरं झालं, तुम्ही आठवणीनं कागद काढून ठेवलेत' हे मनाला पोचतं.

कुणाची चूक झाली तर बाजूला बोलावून सांगा. चारचौघांत नको, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच नको. चारचौघं निदान उठून जातात. तिथलं लिहिलेलं राहतं.

आणि तो खिडकीत उपडा घातलेला वेगळा कप! तो कशासाठी, हे न बोलताही सगळ्यांना ठाऊक असतं. घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता १९५० सालीच बंद केली. कप सगळ्यांचे एकसारखे आणा, म्हणजे झालं.

मात्र एक लक्षात ठेवा. गोड बोलणं म्हणजे सोसणं नव्हे. अंगचटीला येणारा, घाणेरडं बोलणारा सहकारी असेल तर तिथं सभ्यतेची जबाबदारी तुमच्या एकटीवर नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि २०१३ साली त्याचा कायदा झाला. जिथं दहा किंवा अधिक माणसं कामाला आहेत तिथं अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष स्त्रीच असते आणि निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. लहान जागी काम करणाऱ्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आपल्या ऑफिसात समिती आहे का, तिथं कोण आहे, हे आजच विचारून ठेवा. अडचण आल्यावर शोधाशोध नको.

याच कायद्यानं घरकाम करणाऱ्या बाईंसाठी आपलं घर हेही कामाचं ठिकाण मानलं आहे. म्हणजे ज्या मैत्रिणींना वाटत असेल, 'आम्ही कुठं नोकरीला जातो? हे आमच्यासाठी नाही', त्यांच्याही घरात रोज सकाळी एक ऑफिस भरतंच की! तिथल्या साहेब आपण. आपल्याला बाहेर कुणी जसं बोललेलं आवडेल, तसं आपण ओट्यापाशी बोलतो का?

एकदम सगळं जमणार नाही. या आठवड्यात एवढंच करा. रोज दिसणाऱ्या, पण नाव ठाऊक नसलेल्या एका माणसाला नाव विचारा आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच नावानं 'अहो' म्हणून हाक मारा. काय फरक पडला, ते आम्हाला जरूर कळवा.