विश्लेषण : सायकल सफरीची बॅग घरीच शिवावी का? हलकेपणाचे गणित नेमके कुठे चुकते?

कोकण किनारा असो वा लडाख, सायकलवरून लांबची सफर करणाऱ्यांमध्ये सामानाची बॅग स्वतः बेतून शिवण्याकडे ओढा दिसतो. कारण विचारले तर बहुतेक जण दोन उत्तरे देतात, बॅग हलकी होते आणि पैसे वाचतात. ही दोन्ही उत्तरे अर्धीच खरी आहेत. तरीही किमान एक बॅग घरी शिवावी, यासाठी भक्कम कारणे आहेत.

कॅरिअर सोडून बॅगा सांगाड्यावर का आल्या?

पारंपरिक पद्धतीत मागे ॲल्युमिनिअमचे कॅरिअर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पॅनिअर असतात. कॅरिअर आणि रिकाम्या बॅगा यांचे वजनच अडीच किलोच्या घरात जाते. त्याऐवजी सांगाड्याच्या त्रिकोणात, सीटखाली आणि हँडलला पट्ट्यांनी बांधायच्या तीन बॅगा साधारण एक किलोत बसतात. म्हणजे सुमारे दीड किलो वजन घटते.

दीड किलोने घाट सोपा होतो का?

फारसा नाही. स्वार, सायकल आणि सामान मिळून 90 किलो धरले तर दीड किलो म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. खोपोलीहून खंडाळ्याचा चढ चढायला तासभर लागत असेल, तर तेवढ्याच जोराने पायडल मारून वाचतो जेमतेम एक मिनिट. खरा फायदा वेगळा आहे. छोट्या बॅगेत तिसरी पँट आणि ‘लागली तर असू दे’ म्हणून घेतलेल्या वस्तू मावतच नाहीत. बॅगेपेक्षा तिच्यातले सामान अधिक हलके होते.

मग महागडे, पातळ कापड घ्यावे का?

येथेच बहुतेकांचे गणित चुकते. सांगाड्यातली बॅग 40 आणि 30 सेंटिमीटर बाजूंचा काटकोन त्रिकोण आणि 6 सेंटिमीटर रुंद मानली, तर तिच्यात 3.6 लिटर सामान मावते. शिलाईची दुमड धरून तिला कापड लागते पाव चौरस मीटर. एक हजार डेनिअरच्या जाड कॉर्डुराचे वजन चौरस मीटरला सुमारे 350 ग्रॅम, तर पाचशे डेनिअरचे सुमारे 250 ग्रॅम असते. म्हणजे पूर्ण बॅगेत फरक पडतो 25 ग्रॅमचा! तेवढ्यासाठी मजबुती घालवण्यात अर्थ नाही. वजन वाढते ते जादा खिसे, मोठी बकले, लांब वेल्क्रो आणि आतल्या कडक शीटमुळे. काटछाट करायची ती तिथे.

जुने फ्लेक्स फुकट मिळते म्हणून अनेकांना त्याचा मोह होतो. पण ते जड असते आणि सतत दुमडले, उन्हात राहिले की तडकते. पहिला नमुना शिवून पाहण्यापुरते ते ठीक.

बेतण्यात काय महत्त्वाचे?

सायकल भिंतीला टेकवून सांगाड्याच्या आतल्या बाजूचा पुठ्ठ्याचा साचा काढावा आणि तो चारही बाजूंनी पाच मिलिमीटर लहान करावा. बाटलीचे होल्डर आणि गिअरच्या केबल कुठून जातात, ते त्यावर आखावे. रुंदी सहा सेंटिमीटरपुढे नेली तर गुडघे घासतात. कापड उरेब कापू नये, ते ताणले जाते आणि बॅग पोट काढते.

सर्वात आधी दगा देते ती चेन. बॅग ठासून भरली की रनरवर ताण येतो आणि त्यात चिखल गेला की दाते सुटतात. त्यामुळे आठ किंवा दहा नंबरची चेन सरळ रेषेत लावावी, वळणावर नाही. सुती दोरा ओलाव्याने कुजतो, म्हणून पॉलिस्टरचाच वापरावा. पट्टी जिथे जोडली जाते तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई हवी. घरच्या मशीनवर 16 किंवा 18 नंबरच्या सुईने हे जमते. थर वाढले की मोटार बंद करून चाक हाताने फिरवावे, नाहीतर सुई मोडते.

काय शिवू नये?

पावसाळी सफरीसाठी पूर्ण जलरोधक बॅग. शिलाईचे प्रत्येक छिद्र ही पाण्याची वाट असते. सिलिकॉनचा थर असलेल्या कापडावर साधी सीलिंग टेप चिकटत नाही, त्याला सिलिकॉनच लागते. त्यापेक्षा कपडे आणि झोपायचे सामान विकतच्या, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत ठेवावे आणि ती बांधायचे हार्नेस तेवढे घरी शिवावे. सीटखालच्या बॅगेबाबत तर जपूनच राहावे. ती खाली झुकून टायरला लागली किंवा सुटलेली पट्टी चाकात अडकली, तर उतारावर जिवावर बेतू शकते. म्हणून पूर्ण सामान भरून घराजवळच्या गतिरोधकांवरून आधी चाचणी घ्यावीच.

मग हा खटाटोप कशासाठी?

पैसे वाचतात हे कारण पहिल्या बॅगेला लागू पडत नाही. कापड, चेन, बकले आणि वाया गेलेला एखादा नमुना धरला तर खर्च तयार बॅगेच्या जवळ जातो. पण तयार बॅग सरासरी सायकलसाठी असते. लहान सांगाड्याच्या सायकली वापरणाऱ्यांना, त्यांत अनेक महिला आल्या, ती बसतच नाही. या स्वारांसाठी शिवणे हा छंद नसून गरज आहे.

दुसरे कारण दुरुस्तीचे. ज्याने टाका घातला, त्याला तो कुठे उसवेल हेही ठाऊक असते. सुई-दोरा आणि एक जादा रनर सोबत असला की सफर अर्ध्यावर सोडावी लागत नाही. जर्मनीतील प्रसिद्ध ऑर्टलीब कंपनीची सुरुवातही अशीच झाली. पावसातल्या सफरीत ट्रकच्या ताडपत्र्या पाहून हार्टमुट ऑर्टलीब यांना कल्पना सुचली आणि पहिल्या बॅगा घरगुती शिलाई मशीनवर तयार झाल्या.

मशीन येत नसेल तरी अडत नाही. गाड्यांची सीट कव्हर शिवणारे आणि बॅगा दुरुस्त करणारे कारागीर बहुतेक गावांत आहेत. जाड थरांवर त्यांचा हात घरच्या मशीनपेक्षा चांगला चालतो. त्यांना फोटो दाखवून काम सांगण्यापेक्षा पुठ्ठ्याचा नेमका साचा द्यावा आणि ठरलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. सुरुवात सांगाड्यातल्या बॅगेपासून करावी. ती चुकली तर फार तर गुडघ्याला घासेल, चाकात जाणार नाही.