ट्रॅक्टरास जादा अर्थिंग : कोठें हवें, कोठें नको

हल्लीं ट्रॅक्टर व मोटारी यांच्या इंजिनास जादा अर्थिंगच्या तारा लावून देण्याची एक टूम निघाली आहे. रंगीत जाड पांच-सहा तारांचा एक जुडगा असतो. त्याचें एक टोंक बॅटरीच्या ऋण ध्रुवास बांधतात व बाकीचीं टोंकें इंजिनावर आणि सांगाड्यावर ठिकठिकाणीं आवळतात. एवढ्यानें ओढ वाढते, डिझेल वांचतें, दिवे लख्ख पेटतात व सेल्फ एका हिसक्यांत घेतो, असें विकणारा सांगतो. आपल्या मंडळींपैकीं कांहींनीं या तारा बसविल्या आहेत व कांहीं बसविण्याच्या विचारांत आहेत. आमचें मत असें कीं, हा पैसा बहुतांशीं वायां जातो. आणि जेथें एका जादा तारेची खरोखर गरज आहे तेथें ती कोणीच लावीत नाहीं.

प्रथम शब्दाचा घोळ काढून टाकला पाहिजे. ‘अर्थ’ हा शब्द तारायंत्राकडून आला. १८३८ सालीं जर्मनींत स्टाइनहाइल यांनीं दाखवून दिलें कीं, परतीची तार न घालतांही प्रवाह जमिनींतून परत आणतां येतो. विहिरीवरील विजेच्या मोटारीचें अर्थिंग खरोखरच जमिनींत पुरलेलें असतें व तें माणसाच्या जिवासाठीं असतें. परंतु ट्रॅक्टर उभा असतो रबरी चाकांवर. त्याचा जमिनीशीं कांहींएक संबंध नाहीं. त्याचें अर्थिंग म्हणजे परतीची वाट. बॅटरीच्या धन ध्रुवाकडून निघालेला प्रवाह सेल्फमध्यें वा दिव्यांत काम करून लोखंडी अंगांतून ऋण ध्रुवाकडे परत येतो. आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला. तेथें जेवढी रक्कम निघाली तेवढीचा हिशेब परत यावा लागे. येथेंही तसेंच आहे. परतीची वाट अडली कीं जाण्याची वाट कितीही रुंद असली तरी काम अडतें.

आतां थोडें गणित. ट्रॅक्टरचा सेल्फ फिरतांना दोन-तीनशें अँपिअर प्रवाह घेतो. ३५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा अडथळा सुमारें अर्धा सहस्रांश ओहम. ओहम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें २५० अँपिअरला तींत एक अष्टमांश व्होल्ट खर्ची पडतो. तशीच दुसरी तार शेजारीं जोडली तर त्यांतील निम्मा, म्हणजे एक षोडशांश व्होल्ट वांचेल. बारा व्होल्टांत एवढी बचत कोणाच्या ध्यानांत येणार? उलट त्याच तारेच्या टोंकाखालीं गंज चढून एक शतांश ओहमचा अडथळा झाला, तर अडीच व्होल्ट तेथेंच जळतात व सेल्फ नुसता ‘टक्’ करून बसतो. दोष तारांच्या संख्येंत नसून जोडांत असतो.

याचा चटका आम्हांस बसला आहे. एका वर्षीं मृगाचा पाऊस चांगला झाला, वाफसा आला, आणि ऐन पेरणीच्या सकाळीं ट्रॅक्टर मुका झाला. तालुक्याच्या गांवीं नेला. तेथें प्रथम नवी बॅटरी घ्यावयास लाविली. मग सेल्फ उघडून कारबन बदलले. शेवटीं तोच रंगीत जुडगा पुढें केला. तीन दिवस गेले, शेजाऱ्याच्या तिफणी चालून गेल्या व आमचें वावर सुकत चाललें. अखेर गांवच्या एका पोऱ्यानें बॅटरीची जुनी अर्थ-तार गिअरपेटीवरून सोडविली, तेव्हां तिच्या टोंकाखालीं हिरवा-पांढरा थर निघाला. घासकागदानें लोखंड उजळ केलें, बोल्ट आवळला व इंजिन पहिल्याच फेऱ्यास लागलें. एकही नवी तार लागली नाहीं.

हा थर आपल्याकडे लवकर चढतो. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या बाजूस विहिरीचें जें पाणी पिकास सोसत नाहीं, त्याच पाण्यानें आपण ट्रॅक्टर धुतों. त्यांत खताच्या पोत्यांची धूळ मिळते. मग तांब्याचें टोंक व लोखंडी अंग यांच्या सांध्यांत क्षार शिरून बसतो.

ज्यांनीं जुडगा लावून गुण आला असें सांगितलें, ते खोटें बोलतात असें आम्ही म्हणत नाहीं. जुना जोड सडलेला होता, नव्या तारेनें त्यास वळसा मिळाला व सेल्फ फिरूं लागला. अनुभव खरा, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा. ओढ वाढते, डिझेल वांचतें, या बोलण्यास तर कांहींच आधार नाहीं. डिझेल इंजिनांत ठिणगी नसतेच. हवा दाबून तापते व तींत इंधन पेटतें. जुन्या धाटणीच्या पंपाचें इंजिन एकदां चालू झालें कीं जळण्यासाठीं त्यास बॅटरी लागत नाहीं. मग तारेनें ओढ वाढावी कशी? पेट्रोलच्या मोटारीची गोष्ट थोडी निराळी. तिचें इंजिन रबरी गाद्यांवर बसतें, म्हणून इंजिन व सांगाडा यांमध्यें तांब्याच्या वेणीची पट्टी असावीच लागते. ती तुटली तर सेल्फचा प्रवाह क्लचच्या वा अॅक्सिलरेटरच्या केबलींतून वाट काढतो व ती केबल तापून जळते. पण तेथेंही तुटलेली पट्टी बदलणें हाच उपाय.

परीक्षा सोपी आहे. मीटर डी.सी. वीस व्होल्टांवर ठेवावा. गाडी न्यूट्रलमध्यें घालून इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरावी, म्हणजे तें चालू होणार नाहीं. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण ध्रुवाच्या शिशावरच टेकवावी, पकडीवर नव्हे; दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. मग सेल्फ फिरवावा. पाव व्होल्टाच्या आंत आंकडा आला तर अर्थिंग उत्तम आहे व जुडगेवाल्यास रामराम करावा. अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला तर जोड सोडून घासावेत, दातेरी वायसर घालून आवळावेत व वरून व्हॅसलीन लावावें. जोड सोडतांना ऋण ध्रुव आधीं काढावा व बसवितांना शेवटीं बसवावा. नाहीं तर पाना अंगास टेकून ठिणगी उडते. २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाले व त्यांपैकीं पुष्कळांत इंधनाचें नियंत्रण विजेवर चालतें. अशा यंत्रांत कारखान्याच्या नकाशाबाहेर एकही तार घालूं नये.

आतां जेथें तार हवी तें ठिकाण, म्हणजे ट्रॉली. ट्रॉलीच्या मागच्या दिव्याचा प्रवाह पुष्कळ ठिकाणीं जोडपिनेवरूनच ट्रॅक्टरकडे परत येतो. ती पिन ग्रीसनें माखलेली, मातीनें भरलेली व खड्ड्यागणिक हलणारी. दिव्यास बाराऐवजीं नऊ व्होल्ट मिळाले तर तारेच्या दिव्याचा उजेड निम्म्याहूनही कमी होतो, आणि धक्क्यासरशीं तो विझतोही. कापसाच्या दिवसांत रात्रीं जिनिंगकडे निघालेली ट्रॉली मागून येणाऱ्या ट्रकास दिसत नाहीं, याचें एक कारण हें आहे. सात पायांच्या जोडणींत परतीच्या तारेसाठीं एक पाय राखलेलाच असतो. पण तो मोकळा सोडलेल्या ट्रॉल्या आम्हीं स्वतः पाहिल्या आहेत. त्या पायापासून प्रत्येक दिव्यापर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची एक तार नेली कीं काम झालें. एवढ्या तारेस रंगीत जुडग्याच्या मानानें अगदींच थोडा खर्च येतो.

सोसायटीनें एक मीटर विकत घेऊन कचेरींत ठेवावा, व दसऱ्यापूर्वीं एक दिवस ठरवून सभासदांच्या ट्रॉल्या पटांगणांत आणवून त्यांचे मागचे दिवे तपासावेत, अशी आमची सूचना आहे. घासकागद आम्ही आणूं.